गप्प बसा, रस्ता चालू आहे

सासऱ्यांनी निवृत्तीनंतर काय करावं याविषयी जावयाने मत बाळगू नये, हे पथ्य मी लग्न झाल्यापासून पाळत आलो आहे. आमचे अण्णा हायस्कूलचे हेडमास्तर होते, इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, हातात घेतलं. ते माकडांनी त्यांच्या हातातून काढून घेतलं. मग देवळाच्या भजनी मंडळात गेले. तिथल्या पखवाजवाल्याला त्यांनी उशिरा आल्याबद्दल सभामंडपाबाहेर उभं केलं, तेव्हा मंडळाने घाईघाईने त्यांना सन्माननीय सल्लागार करून टाकलं.

त्याच सुमारास माझ्या बायकोने वडिलांना चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला आणि कोणीतरी त्यांना नॉर्वेची आगगाडी दाखवली. २००९ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने बर्गेन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत दाखवला होता, सात तासांहून जास्त. त्यात खून नाही, गाणं नाही, सासू नाही. रूळ, झाडं, स्टेशन, पुन्हा रूळ. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत, आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी तो कार्यक्रम थोडा तरी पाहिला. अण्णांनी तो सबंध पाहिला. मध्ये फक्त पेज जेवायला उठले. संपल्यावर म्हणाले, "आपल्या गोव्याच्या रस्त्यांत काय कमी आहे?"

कमी होती ती गाडी, आणि ती माझ्याकडे होती. अण्णांना चालवता येत नाही.

इतिहासाचे मास्तर असल्यामुळे त्यांनी या प्रकाराची पाळंमुळंही शोधून काढली. १८९० च्या दशकात आगगाडीच्या तोंडाशी कॅमेरा बांधून घेतलेली चित्रं इंग्लंड-अमेरिकेत लोक तिकीट काढून बघत असत, त्यांना फँटम राइड म्हणत. त्यात इंजिन दिसत नसे. रस्ता जणू आपण होऊन पुढे सरकतोय असं वाटावं, हीच त्यातली गंमत. ड्रायव्हर तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ड्रायव्हर कुठेही न दिसण्याची ही परंपरा सव्वाशे वर्षांची आहे आणि आमच्या गाडीत ती कसोशीने पाळली जाते.

पहिला रविवार गाडीच्या काचेला फोन लावून बोरीच्या पुलावर गेला. घरी येऊन व्हिडिओ टीव्हीवर लावला तर झुवारी नदी छान, माड छान, आणि आभाळात पेट्रोलच्या पावत्या, रुमालाचा डबा आणि गणपती तरंगतायत. गाडीची पुढची काच तिरकी असते. डॅशबोर्डवर जे जे उजळ रंगाचं असेल त्याचं प्रतिबिंब त्या काचेत पडतं. चालवताना डोळा ते नजरेआड करतो, कॅमेरा करत नाही. पावत्या मी उचलल्या, डबा बायकोने उचलला. गणपतीवरून मात्र घरात उभा वाद झाला. गाडी घेतली तेव्हा मंगेशीला नेऊन पूजा केली होती आणि हा गणपती माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतःच्या हाताने तिथे बसवला होता.

"हलवायचा नाही," माई म्हणाल्या.

"आभाळात दिसतोय."

"देव आभाळात दिसला म्हणून कोणी तक्रार करतं?"

पुढच्या कप्प्यात ठेवू, असं मी सुचवलं. देवाला कागदपत्रांबरोबर कोंडता काय, असं विचारलं गेलं आणि मी माझं पथ्य पुन्हा पाळू लागलो. शेवटी तोड निघाली ती अशी, की चित्रीकरण चालू असेपर्यंत गणपती माईंच्या मांडीवर राहील, तोंड रस्त्याकडे. डॅशबोर्ड झाकायला प्रकाश परत न फेकणारं काळं कापड हवं होतं. अण्णांनी ते गावच्या उत्सवातल्या नाटकाच्या सामानातून आणलं. ती विंग होती. तिच्यावर एका कोपऱ्यात अजून कुठल्या तरी राजाच्या दाढीचा गोंद आहे. तो बरोबर माझ्या गिअरच्या हाताला लागतो.

यानंतर आली उन्हाळ्याची सुट्टी. व्हिडिओत वाऱ्याचा घों घों आवाज येतो म्हणून खिडक्या बंद. एसीच्या पंख्याचा आवाज येतो म्हणून एसी बंद. गोव्यातला मे महिना, अंगाला चिकटलेला शर्ट, पण रस्ता मात्र आवाजात निर्मळ. अशाने आम्ही किती टिकलो असतो सांगता येत नाही, पण आमच्या आधी फोनने हात टेकले. काचेला चिकटवलेला फोन, वर ऊन, आत चालू चित्रीकरण. तापमान वाढल्याची सूचना देऊन तो सरळ बंद पडला. अण्णांनी तत्काळ एसी लावायची परवानगी दिली, पंखा एकवर, आणि सगळ्या झडपा फोनकडे वळवल्या. तेव्हापासून आमच्या गाडीत फोन गारव्यात बसतो आणि आम्ही पाच जण, गणपतीसकट सहा, त्याच्याकडे बघत घाम पुसतो.

उन्हाचा दुसरा त्रास असा, की गोव्याच्या पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला समुद्र. फोंड्याहून सकाळी मोलेकडे निघालं की सूर्य समोर. दिवसभर तांबडी सुर्लचं देऊळ वगैरे बघून संध्याकाळी परत फिरलं, की तो आपल्या आधी समोर येऊन थांबलेला असतो. जाताना पांढरा व्हिडिओ, येताना पिवळा. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ आणि सकाळी येऊ. मुक्कामाचा खर्च ऐकून अण्णांनी भूगोलाला दोष दिला आणि पत्रादेवी ते पोळें हा राष्ट्रीय महामार्ग ६६ निवडला. तो उत्तर-दक्षिण. ऊन बाजूने येतं. कोणाच्या बाजूने येतं, हे माईंनी पदर तोंडावर ओढून दाखवून दिलं.

पण खरा जाच उन्हाचा नाही, मौनाचा. हे व्हिडिओ बघणाऱ्यांना म्हणे बडबड चालत नाही, फक्त रस्ता हवा असतो. अण्णांनी आयुष्यभर परीक्षांची पर्यवेक्षणं केली. त्यांच्या दृष्टीने हा सोन्याचा दिवस. लाल ठिपका लागला की ते बोट ओठांवर ठेवतात आणि मागे वळून एकेकाकडे बघतात. बोलायचं नाही, खोकायचं नाही, चण्यांची पुडी उघडायची नाही. माईंनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या. मी हॉर्न वाजवायचा नाही. वळायचं असेल तर इंडिकेटर द्यावाच लागतो, तेव्हा त्याच्या टिकटिकीला अण्णा दात आवळून परवानगी देतात. वेग चाळीस. मागे काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्यांची रांग लागते, त्यातले पर्यटक ओव्हरटेक करताना माझ्याकडे बघून जे बोलतात ते काच बंद असल्याने रेकॉर्ड होत नाही. मला ते ओठांवरून कळतं.

फोनला मी हात लावायचा नाही, हा नियम मात्र अण्णांनी सरकारी आधाराने केला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत स्पष्टच आहे, की चालकाने हातातलं उपकरण वापरायचं ते फक्त रस्ता शोधण्यासाठी. अण्णांनी मला तो नियम मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, "तुम्ही फक्त गाडी बघा." गाडीच बघतो. गेल्या दोन पावसाळ्यांत गोव्याचा एकही डोंगर मी बाजूने पाहिलेला नाही.

मौनाचा नियम पहिल्यांदा मोडला तो अण्णांनीच. पणजी-रायबंदर रस्त्यावर. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला मांडवी, भरती आलेली, बगळे आपापल्या जागी. सगळं जमून आलेलं. आम्ही श्वास धरून बसलेलो. आणि अण्णांच्या तोंडून आपोआप निघालं, "हा रस्ता नव्हे, हा पूल आहे. पोंत द लिन्यारिश. १६३३-३४. सुमारे तीन किलोमीटर. आजही वाहतूक चालू आहे, लक्षात घ्या." पुढे व्हाइसरॉयचं नाव, दलदलीतला पाया, आणि मग पोर्तुगीज राजधानी जुन्या गोव्यातून पणजीला का हलली याची कारणं, क्रमवार. रायबंदर आलं तेव्हा ते भानावर आले. फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही मला थांबवायचं नाही का?"

परत पणजीला जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला मिठागरं संपेपर्यंत त्यांनी रुमाल तोंडात धरला होता.

करमल घाटात मुलाचं पोट ढवळलं. वळणंच तशी आहेत. आजोबांची शिस्त त्याच्या इतकी अंगी मुरलेली, की त्याने वर्गात विचारतात तशी करंगळी वर केली. अण्णांनी हाताने 'थांब' खूण केली. त्याने पूर्ण पंजा वर केला. तेव्हा मी कोणाला न विचारता गाडी कडेला घेतली. अण्णांचं तत्त्व असं, की व्हिडिओ अखंड हवा, काटछाट म्हणजे फसवणूक. त्यामुळे त्या व्हिडिओत घाटाच्या ऐन मध्यावर बराच वेळ एक दरड दिसते. दरडीला फुटलेलं एक झुडूप आहे. बाकी जे घडलं ते कॅमेऱ्याच्या मागे आणि, सुदैवाने, दाराबाहेर.

त्याच दिवशी घाटाच्या अलीकडे पोलिसाने हात केला होता. काच खाली केली. त्याने आत वाकून पाहिलं. पुढे काळं कापड पसरलेलं. सगळे गप्प, घामाघूम. मागे पदर तोंडावर ओढलेल्या म्हाताऱ्या बाई, मांडीवर गणपती. मुलाचा चेहरा पांढराफटक. पोलिसाने टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलो रे?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. लाल ठिपका चालू होता. पोलिसाने समजून मान डोलावली, समोरून येणारा ट्रक थांबवला आणि आम्हाला वाट करून दिली. लायसन्स विचारलं नाही. पुढची पाच मिनिटं अण्णा सोडून सगळे खांदे हलवत होते. मागून बघणाऱ्या त्या पोलिसाला तो हुंदकाच वाटला असणार.

पावसाळ्यात चोर्ला घाट. साखळीहून केरीमार्गे वर चढलो की धबधबे सुरू होतात, आणि त्यांच्यासाठीच लोक येतात. पण काचेवर थेंब पडला की फोनचा कॅमेरा घाट सोडून थेंबाकडे बघू लागतो. वायपर लावला तर दर सेकंदाला एक काळी काठी सगळा सह्याद्री पुसून जाते.

"वायपर बंद करा," अण्णा कुजबुजले. "घाट दिसला पाहिजे."

"मलाही दिसला पाहिजे," मी म्हटलं. माझ्या संसारात मी सासऱ्यांना उलट बोललेलं हे एकमेव वाक्य, आणि ते व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं. त्यानंतर धुकं उतरलं आणि प्रश्नच मिटला. उरलेला घाट कोऱ्या कागदासारखा पांढरा आला. ज्यांना पाठवला त्यांतल्या निम्म्यांनी फाइल खराब झाल्याचं कळवलं.

पर्र्याचा तो दुतर्फा माडांचा रस्ता आम्ही फार लवकर आटोपला. एका हिंदी सिनेमात दिसल्यापासून तिथे रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढायची जत्रा असते. पंचायतीने मध्यंतरी त्यावर स्वच्छता करही बसवला होता. आमच्या व्हिडिओत माड कमी आणि हात पसरून उभे असलेले जावई जास्त आहेत. झुवारीच्या नव्या पुलाचीही तीच गत. डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेला, तारांनी तोललेला, बघायला मैलभर लांबून सुंदर. पण आमच्यासारख्या लहान गाडीतून, डॅशबोर्डच्या उंचीवरून, त्याचा कठडा दिसतो. नदी कठड्यापलीकडे आहे, हे ठाऊक असणाऱ्यांनी समजून घ्यायचं.

व्हिडिओ चढवण्याबद्दल काय सांगावं. उत्तम प्रतीचं चित्रीकरण मिनिटाला तीन-साडेतीनशे एमबी खातं. तासभराचा रस्ता म्हणजे वीस जीबी. रात्री लावायचा, पहाटे बघायचं, मध्ये वीज गेलेली असते. अण्णा उठून नव्याने लावतात. त्या काळात घरात दुसऱ्या कोणी इंटरनेटला हात लावला तर त्याला सकाळी चहाबरोबर विचारणा होते.

आणि इतकं करून बघतं कोण? सुरुवातीला कोणीच नाही. मग एके रात्री मस्कतहून दिगूचा फोन आला. दिगू म्हणजे माझ्या बायकोचा मावसभाऊ, घर सावई-वेरेंला, कुलूपबंद. म्हणाला, "अण्णा, तुमचा व्हिडिओ बघितला. अप्रतिम." अण्णांचा आवाज दाटला. अनंताच्या देवळाचा रस्ता, बागायतींतून झिरपणारं ऊन, तो प्रकाश, असं काही ते बोलू लागले.

"कुठला प्रकाश?" दिगू म्हणाला. "तिथे सदानंद आहे. त्याने आमच्या कुंपणाचा दगड आत सरकवलाय. वळण संपल्यावर डाव्या हाताला बघा. जरा मागे न्या. आता थांबवा. दिसला?"

दिगूने ते दृश्य थांबवून, त्यावर लाल वर्तुळ काढून, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. खाली एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा उतारा. तासाभरात सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला. मग त्यांच्या ओळखीच्यांनी पाहिला. मग अण्णांचे सगळेच जुने व्हिडिओ लोक नव्या नजरेने बघू लागले. डोंबिवलीच्या आत्याने माशेलच्या रस्त्यावरचा स्वतःचा आंबा ओळखला आणि त्याला फळ कसं नाही याचा जाब भाडेकरूला फोनवर विचारला. कुणाचा तरी नवरा, बँकेत रांगेत उभा आहे म्हणून घरून निघालेला, सकाळी अकराच्या उजेडात बारच्या बाकावर बसलेला निघाला. त्याने अण्णांशी बोलणं टाकलं आहे. तो बारवाला मात्र अण्णांना भेटला आणि पुढच्या वेळी कधी येणार ते आदल्या दिवशी कळवा, अशी विनंती करून गेला. गिऱ्हाइकं विचारतात म्हणे.

आता आमची काळ्या कापडाची गाडी दिसली की गावात हालचाल सुरू होते. कोणी पागोळीखाली सरतं, कोणी उगाच कुदळ टाकून देतं. एका बांधकामावर निळी ताडपत्री इतक्या चपळाईने खाली आली, की त्यात सरावाचा भाग असावा. कॅमेऱ्यात दुतर्फा पाठमोरी माणसं येतात. अण्णा दुखावले आहेत. त्यांच्या मते मिठागरांचा तो व्हिडिओ, रुमालवाला, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम, आणि तो कोणी पूर्ण पाहिलेला नाही, कारण मिठागरावर कोणाच्या नात्यातलं कोणी नाही. दिगू मात्र दर महिन्याला सावई-वेरेंची फेरी मागतो आणि पेट्रोलचे पैसे देऊ करतो. ते घ्यायचे नाहीत असं अण्णांनी ठरवलं. पेट्रोल मी भरतो.

परवा जेवताना माईंनी विषय काढला. त्यांचं माहेर काणकोणातल्या पैंगीणचं. वाटणीत जो फणस त्यांच्याकडे आला होता तो भावाने तोडून खिडक्या-दारं केली, असा त्यांना गेली काही वर्षं संशय आहे. विचारायला जायचं तर भांडण होणार. न जाता बघायचं असेल तर सोय आता घरातच आहे.

"या रविवारी काणकोण," माई म्हणाल्या. "घराच्या समोर जरा थांबायला लागेल."

"उगाच थांबलं तर तो बाहेर येईल," अण्णा म्हणाले.

"गाडी बंद पडली म्हणायचं. जावईबापू खाली उतरून बॉनेट उघडतील."

हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर वर्गातला सगळ्यात ढ मुलगा उभा राहिल्यावर उमटावा तसा भाव उमटला. "बॉनेट उघडलं तर कॅमेऱ्यासमोर काय येईल?"

माईंनी घास हातात धरून विचार केला.

"मग चाक पंक्चर करा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "डावं, पुढचं. उजव्या बाजूला बसाल तर वहिनी ओळखेल."